‘पुढे पाठवली’

२०२३ साली श्रावण अधिक आला होता. गणपती लांबले, थेट १९ सप्टेंबरला बसायचे होते, त्यामुळे आमच्या पेणच्या कारखानदारांना रंगकामाला महिनाभर जास्तीचा मिळाला होता. (पेणमध्ये नुसतं ‘कारखाना’ म्हटलं की तो गणपतीचाच. बाकीच्या कारखान्यांना नावं सांगावी लागतात.) जुलैतल्या अशाच एका ओल्या दुपारी रोह्याचे एक गृहस्थ दारात छत्री निथळत ठेवून आत आले. मी रोह्याच्या शाखेत होतो तेव्हा हे धाटावच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत ऑपरेटर म्हणून नुकते लागले होते. पगाराचं खातं उघडायला आले, दोन सह्या एकसारख्या होईनात, म्हणून माझ्यासमोर बसून त्यांनी पानभर सह्यांचा सराव केला होता. एवढीच ओळख. पण अशी ओळख टिकते.

“साहेब, पोरीला पुण्याचं बोलावणं आलंय,” ते म्हणाले. “मिलिटरीच्या मेडिकल कॉलेजचं. मुलाखत असते म्हणतात. आमच्या घरात आजवर मुलाखत म्हणून कुणी दिलेली नाही. तुम्ही बँकेत घेत होतात ना?”

“घेत होतो,” मी म्हणालो. मुलाखत घेणं वेगळं आणि दुसऱ्याची तयारी करून घेणं वेगळं, हे तेव्हाच सांगायला हवं होतं. पण निवृत्त माणसाकडे कुणी ‘साहेब’ म्हणत काही मागायला आलं की त्याच्या तोंडून ‘नाही’ निघत नाही. आमच्या सौ. स्वयंपाकघराच्या दारातून बघत होत्या. त्यांनी लगेच पोहे भिजवायला घेतले, म्हणजे प्रकरण लांबणार हे त्यांना कळलं होतं.

आपल्याकडे मुलाला डॉक्टर करायचं ही मार्कांची गोष्ट असते. आमच्या वेळी बारावीचे मार्क, मग सीईटी आली, २०१६ पासून नीट. ७२० गुणांची परीक्षा, बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं की एक वजा. या सगळ्या धबडग्यात मुलाला समोर बसवून “बाबा रे, तुला डॉक्टर कशाला व्हायचंय?” असं कुणीच विचारत नाही. कॉलेज विचारत नाही, क्लासवाले तर नाहीच नाही, आणि खरं सांगा, आपण घरी तरी विचारतो का? मार्क पडले म्हणजे व्हायचं होतं, नाही पडले म्हणजे कधी व्हायचंच नव्हतं, असा आपला सरळ हिशेब.

विचारणाऱ्या जागा देशात थोड्याच होत्या. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात मुलांना काही दिवस ठेवून घेऊन पारखत. सर्वांना एकच नीट असा नियम झाल्यावर त्यांनी २०१७ साली एमबीबीएसच्या १०० जागांपैकी फक्त एक भरली आणि कोर्टात लढले. २९ एप्रिल २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने नीट त्यांनाही बंधनकारक असल्याचा निकाल दिला. आपल्या सेवाग्रामला, डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली काढलेल्या कॉलेजात, प्रवेश परीक्षेला गांधीविचारांचा वेगळा पेपर असे. विनोबांचं जन्मगाव गागोदे आमच्या पेण तालुक्यातलं. माझ्या एका सहकाऱ्याचा मुलगा तेवढ्या भांडवलावर तो पेपर द्यायला गेला होता. भांडवल पुरलं नाही, तो पुढे इंजिनियर झाला. नीट आल्यावर तो पेपरही गेला.

राहिलं पुण्याचं आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेज. १९४८ साली स्थापन झालेलं, १९६२ पासून एमबीबीएस शिकवणारं. नीटच्या गुणांवर तिथे बोलावणं येतं, मग इंग्रजीची आणि तर्काची परीक्षा, मुलाखत, शरीराची कसून तपासणी. मुलाखतीला ५० गुण. जागा मुलांना ११५ आणि मुलींना ३०.

“तीस?” मी विचारलं.

“देशभरातून,” मुलीचे वडील म्हणाले. त्यांनी सगळे कागद पाठ केले होते. फी नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. मात्र शिक्षण झाल्यावर सैन्यदलात डॉक्टर म्हणून नोकरी करायची, ती टाळली तर बाँडचे पैसे भरायचे, साठ लाखांच्या वर. मी चष्मा लावून तो मजकूर वाचला. अडतीस वर्षं मी लोकांच्या जामीनपत्रांवर सह्या घेतल्या आहेत. “वाचलंत ना?” म्हटलं की समोरचा म्हणायचा, “तुम्ही वाचलंत ना साहेब, मग झालं.” या वेळी मी त्यांना वाक्य न् वाक्य वाचून दाखवलं. ते ऐकत होते, पण मुलगी ऐकत नव्हती. ती आमच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती, कारण परतीची गाडी चुकली तर पुढची दोन तासांनी होती.

आठवड्यातून दोनदा यायचं ठरलं. रोहा, निडी, नागोठणे, कासू, पेण. हातात फायबरची फाइल आणि पावसाने भिजलेली ओढणी. मी हॉलमधलं टेबल भिंतीपासून ओढून मधोमध घेतलं, एका बाजूला माझी खुर्ची, दुसऱ्या बाजूला तिची. “टेबलाशी मला सर म्हणायचं,” मी सांगितलं, “उठल्यावर आजोबा म्हणालीस तरी चालेल.” जुन्या फायलीतून प्रश्न काढले, वर्तमानपत्रांतून नवे घातले, चाळीस प्रश्नांची यादी झाली. रायगड जिल्ह्यात तालुके किती? पंधरा. रोह्याचं वैशिष्ट्य काय? चिंतामणराव देशमुख, पांडुरंगशास्त्री आठवले, आणि धावीर महाराजांच्या पालखीला पोलीस सलामी देतात ते. चिंतामणरावांवर मी जरा रेंगाळलो. १९१८ साली आयसीएसला पहिला आलेला, १९४३ साली रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर झालेला माणूस रोह्याचा म्हणवतो, याचा रोह्यातल्या प्रत्येक बँकवाल्याला उगीचच अभिमान असतो. मुलीने तेही पाठ केलं.

पाठ करण्यात ती वस्ताद होती. नीटची पोरं ती, त्यांना पानं पाठ करणं म्हणजे काहीच नाही. ‘व्हाय डू यू वॉन्ट टू बिकम अ डॉक्टर’ या प्रश्नाचं उत्तर मी स्वतः इंग्रजीत टाइप करून दिलं होतं. लहानपणापासूनचं स्वप्न, देशसेवा, गोरगरिबांचे अश्रू, सगळं व्यवस्थित. तिने ते दोन दिवसांत घोटलं आणि मला म्हणून दाखवलं, अकराचा पाढा म्हणावा तसं. मी उच्चार सुधारले. ‘सर्व्ह’ म्हणताना ‘स’वर जोर नको म्हणालो. मान वर ठेव, हात मांडीवर, उत्तराच्या आधी एक श्वास. चौथ्या बैठकीनंतर सौ. म्हणाल्या, “तुम्ही त्या पोरीकडून कर्जाचा अर्ज भरून घेताय.”

मला राग आला. बरोबर बोललं की येतो तसा.

त्या दिवशी पाऊस फार होता, गाड्या खोळंबल्या होत्या. मुलगी स्वयंपाकघरात गेली. ओट्याशी वाल मोड आणून ठेवलेले होते, ती सौ.च्या शेजारी खाली बसून बिरडं सोलायला लागली. मी चहाचा रिकामा कप ठेवायला निघालो होतो, बोलणं ऐकून बोळातच थांबलो. सौ. तिला आईबद्दल विचारत होत्या.

तिची आई आशा. गावातली आणि डोंगराकडच्या वाड्यांतली गरोदर बायका-मुलं तिच्याकडे. आईचं शिक्षण आठवीपर्यंत, अक्षर सावकाश, म्हणून पाचवीपासून आईची घरची वही ही मुलगी लिहायची. सरकारी रजिस्टर वेगळं, ही घरची, विसरू नये म्हणून ठेवलेली. नाव, वाडी, कितवा महिना, तारीख, आणि शेवटच्या रकान्यात काय झालं ते. मुलगा. मुलगी. वजन इतकं. आणि काही ओळींत नुसतं ‘पुढे पाठवली’.

“आजी, मी आईला एकदा विचारलं, पुढे म्हणजे कुठे? तर आई म्हणाली, गाडी गेली तिकडे.”

गावातून तालुक्याला, तालुक्याहून अलिबागला, अलिबागहून मुंबईला. प्रत्येक ठिकाणी पुढे पाठवायचं. वहीत एक नाव होतं, तिच्याच नावाची एक कातकऱ्याची बाई, सातव्या महिन्यात झटके आलेली. पुढे पाठवली. त्यानंतर रकाना कोरा. दिवाळीनंतर वाडीतली माणसं वीटभट्टीवर गेली, कुठल्या भट्टीवर ते कुणाला नक्की ठाऊक नव्हतं, आणि ती बाई परत आली का, मूल जगलं का, हे आईला शेवटपर्यंत कळलं नाही. “मी मोठी झाल्यावर ते पान मोजलं,” मुलगी म्हणाली. “एका वहीत अशा नऊ. पुढे काय करतात ते मला बघायचंय. म्हणजे पुढे कुणीतरी असतं ना?”

मी कप घेऊन तसाच टेबलाशी परत आलो. ती आली तेव्हा विचारलं, “हे मला का नाही सांगितलंस?”

“तुम्ही विचारलं नव्हतं सर. तुम्ही ‘व्हाय डू यू वॉन्ट टू बिकम अ डॉक्टर’ विचारलंत.”

त्या रात्री मला आनंदीबाई जोशींची आठवण होणं साहजिक होतं. २४ फेब्रुवारी १८८३ ला श्रीरामपूरच्या, म्हणजे बंगालमधल्या सेरामपूरच्या, कॉलेजात या बाईने भाषण केलं. अठरा पूर्ण व्हायला महिना बाकी होता, आमच्या मुलीएवढीच. सभेत तिने लोक विचारत होते तेच प्रश्न घेतले आणि एकेकाचं उत्तर दिलं. अमेरिकेला का जाता? हिंदुस्थानात शिकायची सोय नाही का? एकट्या का जाता? परत आल्यावर वाळीत नाही का टाकणार? संकट आलं तर? आजवर कुणा बाईने केलं नाही ते तुम्हीच का करावं? मुलाखतच ती, फक्त समोर तीन-चार माणसांऐवजी सभागृह. पुढे फिलाडेल्फियाच्या कॉलेजला पाठवलेल्या अर्जात तिने कबूल केलं की प्रवेशाच्या सगळ्या अटींत आपण बसू असं नाही. दहा दिवसांचं मूल गेलेलं, पुरुष डॉक्टरपुढे जायला लाजणाऱ्या बायका रोज बघितलेल्या. तिला उत्तर कुणी टाइप करून द्यावं लागलं नाही. ११ मार्च १८८६ ला ती डॉक्टर झाली आणि वर्ष पुरं व्हायच्या आत गेली. तिची तयारी गोपाळरावांनी करून घेतली होती म्हणा, आणि ती कशी हे आपण सगळ्यांनी वाचलेलं आहे. त्या मानाने मी बरा, असं मी स्वतःला समजावलं.

टाइप केलेला कागद मी फाडला. दुसऱ्या बैठकीला तिला म्हटलं, वहीचं सांग. ती गप्प बसली. मग म्हणाली, “खरं सांगितलं आणि ते हसले तर?”

आता मला जे सांगायचं आहे ते मी आजवर कुठे लिहिलेलं नाही, कादंबरीतही नाही. नव्वदच्या दशकात आमच्या बँकेत शिपायांची भरती होती आणि निवड मंडळात आम्ही तिघे होतो. सुधागडच्या बाजूच्या एका वाडीतला मुलगा आला. दहावी पास, शर्ट कुणाचा तरी मागून घातलेला. मी विचारलं, वडील काय करतात? म्हणाला, कोळसा पाडतात. आणि मी, तीन मुलाखतींपासून कंटाळलेला मी, म्हणालो, “म्हणजे हात काळे करायचा धंदा. इथे नोटा मोजाव्या लागतात बाबा.” दोघे हसले. मुलगाही हसला, आपण हसायला हवं असं वाटून. त्यानंतर त्याला एकही उत्तर आलं नाही. आपल्या गावाचा तालुकासुद्धा त्याने चुकीचा सांगितला. गुण मी दिले, आणि कागदावर ते अगदी योग्य होते.

हे मी त्या मुलीला सांगितलं. का सांगितलं, मला अजून नीट कळलेलं नाही. तिने विचारलं, “नाव काय होतं त्याचं?” मी म्हटलं, आता तू आपलं बघ.

मुलाखतीच्या बाजूने मी फार बोलत नाही तो यामुळे. नुसत्या मार्कांवर डॉक्टर निवडणं मला पटत नाही, पण मार्कांच्या कागदाला बाप काय करतो ते दिसत नाही, हेही खरं. रोह्या-पेणची, मुरुड-म्हसळ्याची कितीतरी मुलं केवळ त्या आंधळ्या कागदामुळे डॉक्टर झाली. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने यावर एक तोडगा काढला, तो आता इंग्लंडातही चालतो. एका मंडळापुढे अर्धा तास बसवण्याऐवजी मुलाला आठ-दहा परीक्षकांकडे फिरवायचं, प्रत्येकाकडे थोडी मिनिटं, प्रत्येकाचे गुण वेगळे. एकाला कंटाळा आला म्हणून मुलाचं वाटोळं होऊ नये एवढाच त्यातला हेतू. माझ्या पुतण्याच्या मुलीने तिकडे अशी मुलाखत दिली. ती म्हणाली, पाय दुखले. पाय दुखलेले परवडले.

पण वहीची गोष्ट खरी असली तरी तिच्यात एक अडचण होती, आणि ती मुलीनेच काढली. “ते म्हणतील, मग रोह्यातच का नाही राहत? सैन्यात कशाला?” मी बरंच काही रचून बघितलं. प्रत्येक उत्तराला पुन्हा त्या फाडलेल्या कागदाचा वास यायला लागला. शेवटी आमच्या आळीतल्या सुभेदारांना बोलावलं. मूळचे पोलादपूरकडचे, आर्मी मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट म्हणून नोकरी झालेली. त्यांनी माझ्या पेपरातल्या कोऱ्या समासावर चार चौकोन काढले. जखमी जवान पहिला येतो रेजिमेंटल एड पोस्टवर, तिथून ॲडव्हान्स्ड ड्रेसिंग स्टेशन, मग फील्ड हॉस्पिटल, मग बेस हॉस्पिटल. कुठल्या चौकोनात काय करायचं ते ठरलेलं. रक्त इथेच थांबवायचं, श्वास इथेच मोकळा करायचा, बाकीचं त्याच्या पुढच्या चौकोनात.

“म्हणजे तुमच्यातही पुढे पाठवतात,” मुलगी म्हणाली.

“आम्ही मागे पाठवतो म्हणतो बाळा. पुढे शत्रू असतो.” सुभेदार स्वतःच्याच वाक्यावर खूश झाले. “आणि त्याच्याबरोबर कागद जातो. काय दिलं, किती वाजता दिलं, सगळं लिहिलेलं.”

“आणि तो पुढे जगला का, ते पहिल्या डॉक्टरला कळतं?”

सुभेदार जरा थांबले. “युनिटला कळवतात,” ते म्हणाले. “कळवावंच लागतं. माणूस मोजलेला असतो.”

मुलीने तो समास फाडून फाइलमध्ये ठेवला. माझ्या पेपराचं शब्दकोडं त्याच्यामागे होतं, ते गेलं.

निघायच्या आदल्या रविवारी तिची आई आली. कमी बोलणारी बाई. नोकरी किती वर्षं, बदली कुठे कुठे, लग्नाचं काय, हे तिने विचारलं नाही, ते मुलीच्या वडिलांनी विचारलं. तिने फक्त बाँडचा कागद मागितला, त्यावर बोट ठेवून सावकाश वाचला आणि म्हणाली, “म्हणजे ही पण पुढे पाठवायची.” कुणीच काही बोललं नाही. सौ.नी तिच्या पिशवीत पापड घातले.

पुण्याला वडील आणि मुलगी गेले, माझा गुडघा मध्ये आला. संध्याकाळी फोन आला. “आजोबा, वहीचं सांगितलं. इंग्रजीत सांगताना अडखळले.”

“हसले का?”

“नाही हसले.”

यापेक्षा जास्त तिने सांगितलं नाही, मीही खोदलं नाही. त्या तिसांत तिचं नाव आलं नाही. वडिलांना फार लागलं. फी नाही हे त्यांनी इतक्या जणांना सांगून ठेवलं होतं की आता प्रत्येकाला उलट सांगत बसावं लागलं. मुलीने एक दिवस दार लावून घेतलं, दुसऱ्या दिवशी राज्याच्या यादीसाठी पसंतीक्रम भरायला बसली. अलिबागचं सरकारी मेडिकल कॉलेज २०२१ साली १०० जागांनी सुरू झालेलं, नवीन. वडिलांचं मत मुंबईचं. तिने अलिबाग वर लिहिलं आणि तिथे तिला मिळालं. वहीतल्या बायकांना घेऊन गाडी जायची तेच अलिबाग.

गौरी-गणपतीला ती आमच्याकडे आली, उकडीचे मोदक घेऊन. टेबल आता भिंतीला लावलेलं होतं. इकडचं तिकडचं बोलणं झालं, वसतिगृहाच्या जेवणाला नावं ठेवून झाली. मग म्हणाली, “आजोबा, त्या मुलाचं पुढे काय झालं?”

“कुठल्या मुलाचं?” मी विचारलं. मला कळलं होतं.

“कोळशाच्या.”

“माहीत नाही.”

“पालीच्या शाखेत कुणी असेल ना ओळखीचं?”

पालीला आता कुणी नव्हतं. पण भरतीच्या याद्या ज्यांनी केल्या ते आमचे तेव्हाचे हेडक्लार्क कर्जतला असतात, त्यांची स्मरणशक्ती दांडगी, अजून जुने खातेक्रमांक तोंडपाठ. मी फोन घेतला आणि बाहेर ओट्यावर आलो. समोरच्या कारखान्यातून उरलेल्या मूर्ती प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर चढवत होते. त्यांनी बऱ्याच वेळाने फोन उचलला, आवाज ओळखला, गुडघ्याची चौकशी केली. “बोला, काय काम काढलंत?” त्यांनी विचारलं. आणि मला त्या मुलाचं नाव आठवेना. वाडीचं तेवढं आठवत होतं.